नळ नापास झाल्यावर

आमच्या आईला गावच्या विहिरीवर रोज एकच शब्द ऐकू यायचा: थांब.

विहिरीला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. आई घागर खाली ठेवून बाजूला उभी राहायची. कुणाला सवड झाली की ती बाई म्हणायची, "थांब, ओतते." मग ती पोहरा उंच धरून, मध्ये वीतभर अंतर राखून वरून पाणी सोडायची. निम्मं घागरीत पडायचं, निम्मं आईच्या पायावर. आबा सरकारी रस्त्यावर खडी फोडायचे. घरात दोनच गोष्टी कायम संपलेल्या असायच्या, पीठ आणि पाणी. पीठ उसनं मिळायचं. पाण्यासाठी उभंच राहावं लागायचं.

अशा घरातून मी स्कॉलरशिपवर इंजिनिअरिंगला गेलो. आमच्या घराण्यातला पहिलाच. आणि दुसऱ्या वर्षी नापास झालो. विषय कोणता, तर हायड्रॉलिक्स, म्हणजे पाणीच. निकालाचा कागद मी ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली दडवला आणि दोन महिने घरी "निकाल लागायचाय" म्हणत राहिलो. आबांना कागद सापडला तेव्हा आता मार बसणार असं मला वाटलं. आबांनी तो उलटसुलट करून पाहिला. वाचता येत नव्हतंच. म्हणाले, "दडवलास म्हणजे नापास झालास, हे कळलं. आता कशात झालास ते सांग. म्हणजे तेवढंच करता येईल."

पुढे आयुष्यभर मी जे काम केलं त्याची सगळी अक्कल या एका वाक्यात होती. तेव्हा ते कळलं नाही, एवढंच.

मँचेस्टरला आलो तो बायकोच्या मागोमाग. शोभाला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली होती. माझ्या डिग्रीचं काय करायचं हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मी पाणीखात्यात मीटर वाचण्यापासून सुरुवात केली आणि चार वर्षांनी बायलॉज इन्स्पेक्टर, म्हणजे पाण्याच्या नियमांचा तपासनीस, झालो. पार्टीत कुणी विचारलं, "काय करता?" तर डॉक्टर मंडळींच्या घोळक्यात हे सांगायला जरा वेळ लागायचा. "लोकांच्या घरी जाऊन नळ तपासतो" म्हटलं की समोरचा म्हणायचा, "अच्छा, प्लंबर." नाही हो. प्लंबर नळ बसवतो. तो नळ रस्त्याखालच्या पाण्याला बाटवत तर नाही ना, हे मी बघायचो.

काम समजावून सांगतो, फार नाही, एक परिच्छेद. रस्त्याखालच्या मोठ्या पाइपात पाणी दाबाखाली असतं, म्हणून नळ उघडला की बाहेर येतं. पण कुठे पाइप फुटला, कुठे आग विझवायला बंबवाल्यांनी पाणी खेचलं, की तो दाब पडतो. मग पाणी बाहेर यायच्या ऐवजी आत ओढलं जातं. स्ट्रॉने सरबत ओढतो ना, तसं. अशा वेळी तुमच्या नळाला लावलेल्या नळीचं दुसरं टोक कशात बुडालं असेल, ते सगळं पाइपात जातं आणि शेजारणीच्या किटलीत निघतं. याला बॅकफ्लो म्हणतात. मी उलटं पाणी म्हणतो. यावर इलाज दोन. एक म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. दुसरा इलाज फुकटचा आणि जास्त खात्रीचा: नळाचं तोंड आणि भांड्याचा काठ यांच्यात मोकळी हवा ठेवायची. पाण्याला वर उडी मारता येत नाही.

हे मला शिकवलं रॉनने. तो माझा वरिष्ठ. बोल्टनकडचा, तीस वर्षं याच कामात, तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. त्याने नळाखाली आडवा हात धरून दाखवलं आणि म्हणाला, "नो गॅप, नो पास. भांडं नळाला शिवता कामा नये." मला हसू फुटलं. "यात हसण्यासारखं काय आहे?" त्याने विचारलं. "काही नाही. माझ्या आईला हे माहीत होतं." रॉन खूश झाला. "युअर मम वॉज इन द ट्रेड?" मी म्हटलं, "एका अर्थी."

रॉनचा दुसरा नियम: घरातला प्रत्येक नळ उघडून बघायचा. मालक काहीही म्हणो. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नापास झालेले घरमालक किती तऱ्हेचे असतात ते मी इथेच पाहिलं. पहिला भांडतो. ओल्डहॅम रोडवरचा एक न्हावी म्हणाला, "माझ्या बापाच्या वेळेपासून हा शॉवर असाच बेसिनमध्ये लोंबतोय, कोण मेलं?" एक पबवाला फार गोड बोलायचा. मी नोटीस लिहायला लागलो की दर वेळी माझ्यापुढे पाय ठेवायचा. पाय म्हणजे त्याचे पाय नव्हेत, मटण भरून भाजलेला इंग्रजी 'पाय'. तोही मी कधी खाल्ला नाही. एका बागवाल्याने तर झडप कटकट करते म्हणून काढूनच टाकली आणि मला सांगितलं, "आता नापास व्हायला काही उरलंच नाही." त्याची नळी तणनाशकाच्या पिंपात बुडालेली होती.

आपली मराठी माणसं यातलं काहीच करत नाहीत. आपली माणसं कागद दडवतात.

आता काकूंची गोष्ट. आडनाव सांगत नाही, नावही नाही. त्या काळी मँचेस्टरात शिकायला आलेली निम्मी मराठी मुलं त्यांना काकूच म्हणायची. यजमान वारल्यावर त्यांनी आपल्या तीन मजली घरात विद्यार्थी ठेवायला सुरुवात केली. खोली, दोन वेळचं जेवण आणि रविवारी पुरणपोळी. युनिव्हर्सिटीच्या राहण्याच्या जागांच्या यादीत त्यांचं नाव होतं आणि त्या यादीवरच घर चालायचं.

तक्रार शेजारच्या बाईंनी केली. चहाला फेस येतो म्हणून. मी गेलो. दार उघडून काकूंनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र चष्मा लावून वाचलं.

"कांबळे? मराठी?"

"हो, काकू."

"अगंबाई. पाणीखात्यात आपला माणूस." मग जरा थांबून, "गाव कुठलं म्हणायचं?"

सांगितलं. तिकडच्या एका देशमुखांचं नाव घेऊन त्यांनी विचारलं, ओळखता का. मी म्हटलं, त्यांची विहीर ओळखतो. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. चहा मात्र आला, कपबशीतून, आलं घालून.

वरच्या दोन्ही मजल्यांवर न्हाणीघरं. आत जाऊन पाहतो तर इंग्लंडातला तो लांबलचक टब कोरडा, त्यात मधोमध प्लॅस्टिकची बादली, बादलीत मग, आणि नळाला लावलेली लाल रबरी नळी बादलीच्या तळापर्यंत गेलेली. दोन्हीकडे तेच. आपल्या पोरांना टबात डुंबणं म्हणजे स्वतःच्याच मळात लोळणं वाटतं, बादली हवीच. आणि नळ टबाच्या एका टोकाला, म्हणून नळी. इंग्रजाच्या घरात ही चूक मला कधी दिसली नाही. आपल्या प्रत्येक घरात दिसली. त्यात काकूंच्या यजमानांनी माळ्यावरची टाकी गळते म्हणून काढून टाकली होती आणि घरातले सगळे नळ थेट रस्त्याच्या पाण्याला जोडले होते.

आमची परीक्षा साधी. वरच्या भरलेल्या बादल्यांत मी हिरवा रंग टाकला, अपाय न करणारा, आणि वरचे नळ उघडे ठेवले. रस्त्यावरून येणारं पाणी बंद केलं आणि खाली स्वयंपाकघरातला नळ उघडला. आधी साधं पाणी आलं. मग नळ गुरगुरला आणि हिरवं पाणी यायला लागलं.

काकू पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. "म्हणजे ही कार्टी वर अंघोळ करतात आणि मी खाली त्याच पाण्याची आमटी करते?"

"दर वेळी नाही. दाब पडला की."

"म्हणजे मी नापास?"

"घर नापास, काकू."

"घर माझंच की हो. किती मार्कांनी?"

नोटीस दिली. तीन आठवड्यांची मुदत. तोवर नळ्या काढा, वरचे नळ बंद ठेवा, पिण्याचं पाणी शेजारून आणा, मुलांना सांगा. त्यांनी मान हलवली. पण त्यांचा जीव पाण्यात नव्हता, युनिव्हर्सिटीच्या यादीत होता. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी सहा नवी मुलं यायची होती. पाणीखात्याचा कागद तोवर नीट झाला नाही तर नाव कटणार होतं. "आणि नाव कटलं की घर विकून मुलाकडे बेसिंगस्टोकला. सून चांगली आहे. पण तिथे माझ्याकडे कोण येणार हो?"

नऊ दिवसांनी सहज डोकावलो. काहीही झालेलं नव्हतं. नळ्या बादलीत, मुलं अंघोळीला.

"नोटीस कुठंय?"

"आहे ना. नीट ठेवलीय."

पोह्यांच्या डब्यात ठेवली होती. तळाशी.

मी तिथेच स्टुलावर बसलो आणि त्यांना माझी हायड्रॉलिक्सची गोष्ट सांगितली. ट्रंक, वर्तमानपत्र, आबा, सगळं. नोकरीत ही गोष्ट मी प्रथमच कुणाला सांगत होतो. काकूंनी पोहे झटकून कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"बरं. मग सांगा, कशात झाले मी नापास?"

वाचकहो, तुमच्या घराचा, दुकानाचा, कारखान्याचा नळ नापास झाला तर पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारा. सगळं घर कधीच नापास नसतं. कोणता पाइप, कोणती झडप, कोणती नळी, हे इन्स्पेक्टरकडून लिहून घ्या. तेवढा भाग बंद करा. घरातल्या माणसांना खरं सांगा, कारण पाणी तेही पितात. प्लंबर बघाल तर माहितगार बघा, भाच्याचा मित्र नको. झडप दुरुस्त होत असेल तर करा, नसेल तर बदला, पण काढून टाकू नका. आणि काम झालं की स्वतःहून परत बोलवा. आम्हाला दुसऱ्यांदा जायला आवडतं. पहिल्यांदा गेलो की लोक तोंड वाकडं करतात, दुसऱ्यांदा केक देतात.

काकूंनी सगळं केलं. प्लंबर आला, तळघरात पाइप जिथून वर न्हाणीघरांकडे जातो तिथे नवी झडप बसली. मी शुक्रवारी फेरतपासणीला गेलो. मुद्दाम नळ्या बादलीत सोडल्या, हिरवा रंग टाकला, रस्त्याचं पाणी बंद केलं. स्वयंपाकघरातला नळ: स्वच्छ. तळघरातला: स्वच्छ.

मग मागच्या अंगणाकडच्या छोट्या खोलीत गेलो. तिथे काकूंचं देवघर होतं आणि भिंतीत एक पितळी नळ. समई लावलेली, तांब्या घासून ठेवलेला.

"हा देवाच्या पाण्याचा," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी मुद्दाम वेगळा काढून दिलेला. याला सकाळी चंदनाचा वास येतो, माहितीय? हल्लीच यायला लागलाय. मंडळातल्या बायका येऊन बघून गेल्या."

मी नळाकडे हात नेला.

"थांबा," काकू म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. नुसता हात नाही, दोन पावलं मीही मागे सरलो. दारातच आलो. काकू समई सरकवत होत्या, पुढे काहीतरी बोलत होत्या, मी ऐकलंच नाही. "असू दे, काकू," म्हणालो, "बाकी सगळं ठीक आहे." आणि बाहेर येऊन सर्टिफिकेटवर सही केली. सोळा वर्षांच्या नोकरीत न उघडता पास केलेला तो एकमेव नळ. काकूंनी केक दिला.

रविवारी सकाळी भारतातून आलेल्या पार्सलमधली साबणाची वडी शोभाने फोडली. घरभर वास. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"शोभा, हा कसला गं साबण?"

"चंदनाचा. का? हवाय?"

मी म्हटलं, "मेलो."

काकूंच्या घरात दर वर्षी नवी पोरं येतात. आई पोराच्या बॅगेत काय भरते? लोणचं, मेतकूट आणि सहा महिन्यांचा साबण. झडप तळघरात होती. देवाचा नळ न्हाणीघराच्या पाइपावर काढलेला असेल तर तो झडपेच्या पुढे आला. म्हणजे रस्त्याचं पाणी सुरक्षित, शेजारीण सुरक्षित, आणि सकाळी दाब पडला की देव पोरांच्या अंघोळीच्या पाण्याने अंघोळ करताहेत. आणि ते पाणी काकू तीर्थ म्हणून घेताहेत. तपासायला दोन मिनिटं लागली असती.

सोमवारी सकाळी आधी रॉनकडे गेलो आणि सांगितलं, शुक्रवारचं सर्टिफिकेट चुकीचं आहे. त्याने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "का नाही उघडलास?" "ती थांबा म्हणाली." "बायका नेहमीच थांबा म्हणतात. त्यांना आधी सिंक आवरायचं असतं." पुढे एवढंच म्हणाला, "जा. स्वतःलाच नापास कर."

काकूंनी दारातच ओळखलं की काही बिघडलंय. मी सांगितलं. शनिवारी मुलं यायची होती, पाच दिवस राहिले होते. 

"पास म्हणालात ना तुम्ही? सही केलीत."

"चुकलं माझं. तो नळ उघडायला हवा होता."

"मग का नाही उघडलात?"

"तुम्ही थांबा म्हणालात."

  काकू देवघरात गेल्या, आणि मला आत बोलावून नळाकडे बोट दाखवलं. "अहो, त्याची मूठ ढिली आहे. हातात येते. तुमच्या कोटावर पाणी उडालं असतं म्हणून थांबा म्हटलं. पुढचं ऐकायला तुम्ही होतात कुठे?"

खरं असेल. नसेलही. इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही आणि मी पुन्हा विचारलंही नाही. पण मूठ खरोखरच ढिली होती. मी वरच्या बादल्यांत हिरवा रंग टाकून, रस्त्याचं पाणी बंद करून परत आलो. मूठ फिरवली आणि ती हातात आली, पाणी कोटावर उडालं, आणि तोच हिरवा रंग त्या पाण्यात होता. माझा पांढरा शर्ट, काकूंची समई, भिंत, सगळं हिरवं. काकू आधी हसल्या. मग रडल्या. मग परत हसल्या.

"म्हणजे चंदन नव्हतंच."

"साबण होता, काकू."

"मंडळात काय सांगू मी आता?"

"मंडळात सांगू नका. फक्त तीर्थ देऊ नका."

प्लंबर बुधवारी आला. देवाचा नळ न्हाणीघराच्या पाइपावरून तोडून सरळ रस्त्याच्या पाण्याला जोडला, मूठ बदलली. नळ्यांचं काम मी स्वतः केलं. काढायला सांगितलं तर पोरं परत लावणार हे ठाऊक होतं, म्हणून काकूंच्या विळीवर दोन्ही नळ्या कापल्या, अशा की टोक बादलीच्या काठापासून वर राहावं. काकू शेजारी उभ्या होत्या.

"किती वर ठेवायचं?"

मी हात पसरून दाखवला. "वीतभर."

त्यांनी आपलीही वीत तिथे लावून पाहिली. 

शुक्रवारी पुन्हा पूर्ण परीक्षा घेतली. वर हिरवा रंग, खाली एकेक करून प्रत्येक नळ. शेवटी देवघर. मी नळ उघडला. पाणी स्वच्छ होतं. ओंजळीत घेऊन वास घेतला, कसलाच नव्हता. काकूंनीही वास घेतला.

"गेला की हो वास."

"गेला."

"बरं वाटायचं पण." मग त्यांनी घासलेला तांब्या उचलून माझ्यापुढे धरला. "भरा आता. नळ तुम्हीच उघडलाय."

मी भरला. तांब्या काठोकाठ भरला, आणि तो नळाला टेकू दिला नाही, सवयीने.

शनिवारी सहा मुलं आली. काकूंचं नाव यादीत राहिलं. पुढे अकरा वर्षं त्या घरात मुलं राहिली, आणि बेसिंगस्टोकला काकू फक्त नातवाच्या बारशाला गेल्या. पुढचं नव्वदचं सगळं दशक आणि त्यानंतरची काही वर्षं मी याच कामात होतो. बढती मिळाली, रॉनच्या खुर्चीत बसलो, नव्या इन्स्पेक्टरांना शिकवलं. निवृत्त होईपर्यंत एकही नळ मी न उघडता पास केला नाही.

आईच्या गावातल्या घरी नळ आला त्याला आता बरीच वर्षं झाली. तो मीच तपासला. पास आहे.